निम्म्या ठिपक्यांचा खेळ

हे बघ छोटे, लॅपटॉप विकायचा विषय आधी डोक्यातून काढ. तू रात्री पाठवलेली व्हॉइस नोट मी पूर्ण ऐकली. गेम अडखळतोय, पंखा ओरडतोय, कऱ्हाडच्या कॉलेजातली मुलं आपापले जाडजूड गेमिंग लॅपटॉप उघडून बसतात आणि तुझ्या मशीनवर गेम अडकला की हसतात. म्हणून हा काढून टाकायचा आणि हप्त्यावर दुसरा घ्यायचा, असं तुझं चाललंय. बाबांजवळ अजून बोलली नाहीस ते फार बरं केलंस. भाताचे पैसे हातात यायला अवकाश आहे, आणि ते आले की तुझा हट्ट मोडणं बाबांना जमत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. त्याआधी माझं ऐकून घे. तुझ्या मशीनमध्ये काहीही बिघाड नाही. त्याच्याकडून तू जे काम मागतेयस ते त्याच्या ताकदीबाहेरचं आहे, आणि गंमत अशी की त्या कामाची तुला गरजच नाही.

लॅपटॉप घेतला तेव्हा काय बघितलं होतं आठव. पाटणहून कऱ्हाडला रोज एसटीनं जायचं, म्हणून वजनाला हलका. दिवसभर कोड वाचायचा, म्हणून स्क्रीन चांगली. चौदा इंची ओएलईडी, 2880 बाय 1800. अक्षरांच्या कडा कुठे फुटत नाहीत, काळा रंग खरोखर काळा दिसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड त्यात नाही, प्रोसेसरच्या पोटातलंच ग्राफिक्स आहे. अभ्यासाला ही जोडी उत्तम. पण गेम सुरू करताना तू रिझोल्यूशनच्या यादीत सगळ्यात वरचा आकडा निवडतेस, कारण स्क्रीन तेवढी आहे तर पूर्ण वापरावी असं वाटतं. सगळा घोटाळा इथेच आहे.

आता आकडे मांडू. 2880 गुणिले 1800 म्हणजे 51 लाख 84 हजार ठिपके. गेम चालणं म्हणजे एवढ्या ठिपक्यांची रांगोळी एका सेकंदात साठ वेळा पुसायची आणि साठ वेळा नव्यानं काढायची. सेकंदाला 31 कोटींच्या वर ठिपके झाले. त्यातही नुसता रंग टाकून पुढे जाता येत नाही. या ठिपक्यावर उजेड किती, सावली कुणाची, पाणी असेल तर त्यात काय दिसतंय, मधे धुकं आहे का, हे सगळं प्रत्येक ठिकाणी मोजायचं. तू मला विचारलं होतंस ना, की मग याच स्क्रीनवर सिनेमा इतका सुरळीत कसा चालतो? सिनेमा आधीच कुणीतरी काढून ठेवलेला असतो. लॅपटॉपला तो फक्त उलगडायचा असतो, आणि त्या कामासाठी चिपमध्ये वेगळा भागच दिलेला असतो. गेम मात्र तू माऊस हलवशील तसा त्या क्षणी तयार होतो.

आणि त्या मुलांचं म्हणशील, तर त्यांची स्क्रीन जाऊन बघ. पंधरा पॉइंट सहा इंची, फुल एचडी, म्हणजे 1920 बाय 1080. ठिपके झाले 20 लाख 73 हजार 600. तुझ्या स्क्रीनवर त्याच्या बरोबर अडीचपट ठिपके आहेत. म्हणजे त्यांच्याकडे वेगळं, ताकदवान कार्ड, आणि काम तुझ्या निम्म्याहून कमी. तुझ्याकडे छोटं ग्राफिक्स, आणि काम अडीचपट. ही बरोबरीची लढतच नव्हती गं. तू उगाच स्वतःला आणि मशीनला कमी लेखत बसलीस.

मग करायचं काय? ठिपके कमी मागायचे. 1440 बाय 900 कर. लांबी निम्मी, उंची निम्मी, ठिपके 12 लाख 96 हजार, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. वेग मात्र चौपट होईल असं धरू नकोस. गेममध्ये प्रोसेसरची स्वतःची कामं असतात, शत्रूंच्या हालचाली, धडकाधडकी, नकाशा उचलून आणणं. ती रिझोल्यूशन उतरवल्यानं कमी होत नाहीत. तरी जिथे गेम रडतखडत वीस फ्रेमवर चालत होता, तिथे तो खेळण्याजोगा होण्याची चांगली शक्यता आहे.

"पण ताई, घाणेरडं दिसेल ना!" तू हेच म्हणणार. हा मुद्दा मी जरा लांबवते, कारण तुझ्या मनातली खरी अढी हीच आहे.

स्क्रीनवर एका इंचात किती ठिपके बसतात त्यावर बारकावा ठरतो. तुझ्या चौदा इंची स्क्रीनवर इंचाला साधारण 243 बसतात. निम्मं केलंस तरी साधारण 121 उरतात. आता शेजारी ठेवून बघ: चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर, जो अर्ध्या जगानं गेमसाठी वापरला, त्यावर इंचाला साधारण 92 असतात. पंधरा पॉइंट सहा इंची, 1366 बाय 768 चे जुने लॅपटॉप, ज्यांच्यावर आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी पहिला गेम खेळला, त्यांच्यावर साधारण शंभर. म्हणजे तुझी स्क्रीन निम्म्यावर आणली तरी या दोघांपेक्षा दाट आहे! अंतराचा फरक पडतो, हे मान्य. मॉनिटर जरा लांब असतो आणि लॅपटॉप जवळ. म्हणून खेळताना हातभर मागे सरक. बाहेरून माऊस लाव, म्हणजे मागे सरकणं आपोआप होईल. मान खाली घालून स्क्रीनला नाक लावलंस तर कुठलीही स्क्रीन ओबडधोबडच दिसते.

अर्थात फरक दिसेल. पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यांना मऊपणा जाणवेल, गवताच्या कडा जरा पुसट वाटतील. मग तू पळायला लागशील, उडी मारशील, आणि उडी मारल्या क्षणी उडी बसतेय हे हाताला कळेल. हाताला मिळणारं ते उत्तर म्हणजेच खेळ आहे, असं मी मनापासून मानते. स्थिर चित्र सुंदर दिसावं म्हणून चालणं तुटू देणं मला पटतच नाही.

आता एक बारीक गोष्ट. यादीत तुला 1920 बाय 1200 पण दिसेल. निम्म्याहून जास्त आहे म्हणजे चांगलंच असणार, असं वाटतं. पण 1920 चे 2880 करायचे म्हणजे गेमचा एक ठिपका स्क्रीनच्या दीड ठिपक्यावर बसवायचा. अर्धा ठिपका कुठून आणणार? मग शेजारच्या दोघांचा रंग मिसळून काम भागवलं जातं आणि बारीक अक्षरं, कुंपणाच्या तारा अशा गोष्टी धूसर होतात. 1440 बाय 900 मध्ये एकाचे सरळ दोन बाय दोन, चार ठिपके होतात. तरी पुष्कळदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर सवयीनं तिथेही रंग मिसळतोच. ते नको असेल तर ड्रायव्हरच्या ॲपमध्ये डिस्प्लेखाली स्केलिंग असतं, त्यात इंटिजर स्केलिंग शोध. इंटेलनं आणि एनव्हिडियानं 2019 मध्ये ही सोय दिली, नंतर एएमडीनंही दिली. थ्रीडी गेमला ती लावलीच पाहिजे असं नाही, तिथे थोडा मऊपणा उलट बरा दिसतो. पण चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचे जे टूडी गेम असतात त्यांना ती अगदी हवीच.

त्यावरून सांगते, 'सेलेस्टे' खेळ. 2018 चा गेम, एक मुलगी डोंगर चढते, एवढंच. पण दातेगड चढताना शेवटच्या टप्प्यावर तुझी जी जिद्द दिसते ना, ती त्या गेममध्ये पानोपानी आहे. त्याचं मूळ चित्र फक्त 320 बाय 180 ठिपक्यांचं. त्याची नऊपट केली की बरोबर 2880 बाय 1620 होतात. म्हणजे तुझ्या स्क्रीनची पूर्ण रुंदी भरते आणि वर-खाली थोडी काळी पट्टी उरते, जी ओएलईडीवर जाणवतसुद्धा नाही. इतक्या हलक्या गेमला तुझं ग्राफिक्स खेळता खेळता ओढतं. तुझ्या या महागड्या स्क्रीनचा पुरेपूर उपयोग इतक्या कमी ठिपक्यांच्या गेममध्ये व्हावा, हे मला फार आवडतं.

मोठ्या थ्रीडी गेमसाठी आणखी चांगला रस्ता आहे. सेटिंगमध्ये रेंडर स्केल किंवा रिझोल्यूशन स्केल असं काही दिसलं तर बाहेरचं रिझोल्यूशन तसंच ठेव आणि हे साठ-सत्तर टक्क्यांवर आण. मग डोंगर-झाडं कमी ठिपक्यांत काढली जातात, पण मेनू, संवाद, नकाशावरची नावं पूर्ण धारदार राहतात. डोळा सगळ्यात आधी अक्षरांवर नाराज होतो, चित्रावर नाही, म्हणून ही युक्ती मी सगळ्यांत वर ठेवते. एफएसआर दिसलं तर तेही वापर. एएमडीनं 2021 मध्ये आणलं, पण दुसऱ्या कंपनीच्या ग्राफिक्सवरही चालतं. इंटेलचं एक्सईएसएस तसंच. डीएलएसएसचं नाव मुलं घेतील, त्याला एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड लागतं, तो विषय तुझ्यासाठी नाही. एफएसआरमध्ये क्वालिटी निवडलंस तर प्रत्येक बाजू दीडपटीनं वाढवतात, परफॉर्मन्सला दुपटीनं. म्हणजे तुझ्या पूर्ण स्क्रीनसाठी परफॉर्मन्स निवडलंस की आतून गेम 1440 बाय 900 मध्येच चालतो. फक्त हे लक्षात घे, की वाढवण्याचं कामही ग्राफिक्सलाच करावं लागतं, आणि बाहेरचं चित्र जितकं मोठं तितकं ते जड. तुझ्यासारख्या मशीनवर बाहेरचं रिझोल्यूशन 1920 बाय 1200 ठेवून क्वालिटी लावणं पुष्कळदा जास्त फायद्याचं पडतं. तेव्हा आतून तो 1280 बाय 800 वर चालतो.

1280 बाय 800 ऐकून नाक मुरडू नकोस. 2022 मध्ये व्हॉल्व्हनं स्टीम डेक काढला, तो हातात धरून खेळायचा संगणक. त्याची स्क्रीन बरोबर एवढीच ठेवली, आणि आतलं ग्राफिक्स तुझ्यासारखंच, प्रोसेसरसोबत एकाच चिपमध्ये बसवलेलं. निन्टेन्डो स्विचची स्क्रीन तर 1280 बाय 720. ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांनी आधी ताकद मोजली आणि मग तिला झेपेल तेवढीच स्क्रीन दिली. 2019 मध्ये 'विचर 3' सारखा अवाढव्य गेम स्विचवर उतरवला, तेव्हा हातात धरून खेळताना तो आतून साधारण 540 ओळींपर्यंत खाली आणला होता. तरी लोकांनी तो प्रवासात, अंथरुणात मनापासून खेळला. तुझ्या लॅपटॉपचं नेमकं उलटं झालंय. स्क्रीन निवडताना गेमचा विचारच नव्हता, त्यामुळे ताकदीचं माप आता तुला स्वतः लावायचं आहे.

बाकी सेटिंगमध्ये डोकं फार खाऊ नकोस. सावल्या सगळ्यात आधी खाली आण, त्या फार खातात. धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं, गवताची दाटी, ही त्यानंतर. टेक्श्चर मात्र लगेच अगदी खालच्या पायरीवर नेऊ नकोस. ते मेमरी खातात, वेग तितकासा खात नाहीत. मेमरी पुरत असेल तर मधल्या पायरीवर ठेव, भिंती आणि चेहरे नीट दिसतील. आणि मोशन ब्लर बंद.

गेम बॉर्डरलेस खिडकीत चालत असेल तर काही गेम तुझं रिझोल्यूशन ऐकतच नाहीत, डेस्कटॉपचंच उचलतात. तेव्हा सरळ फुलस्क्रीन निवड. तसं नसेल तर गेम उघडण्याआधी विंडोजचंच रिझोल्यूशन उतरव आणि खेळून झालं की परत कर. जुन्या गेमचा मेनू मुंगीएवढा दिसतो तोही याच उपायानं वाचता येतो.

आता साठ फ्रेमचा हट्ट. तुझी स्क्रीन 120 हर्ट्झची आहे, हे तुझं मोठं भाग्य, आणि ते तू वापरतच नाहीस. ज्या गेमला साठ झेपत नाहीत त्याला चाळीसचा लगाम घाल. साठला एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, तीसला 33.3. चाळीसला बरोबर 25, म्हणजे वेळेच्या हिशेबानं चाळीस हे तीस आणि साठच्या अगदी मधोमध आहे. आणि 120 ला चाळीसनं पूर्ण भाग जातो, प्रत्येक चित्र स्क्रीनच्या तीन फेऱ्या टिकतं, त्यामुळे लय तुटत नाही. कधी पंचावन्न, कधी अठ्ठावीस असं हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा एका लयीत चालणारे चाळीस कितीतरी सुखाचे.

लगामाचा दुसरा फायदा उष्णतेचा. तुझ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच ताटातली वीज खातात, आणि पातळ मशीनला ती मोजूनमापून दिलेली असते. मशीन तापलं की दोघांचाही घास कमी होतो आणि वीस मिनिटं छान चाललेला गेम अचानक ढेपाळतो. तू म्हणालीस ना, "सुरुवातीला बरा चालतो, मग मरतो"? हेच ते. गोधडीवर ठेवून खेळू नकोस, खालच्या जाळ्या बंद होतात. टेबलावर ठेव, मागची बाजू वहीभर उचल. जाळीत धूळ बसली असेल तर कऱ्हाडला दुकानात साफ करून घे.

चार्जर लावूनच खेळ. बॅटरीवर मशीन आपोआप हात आखडता घेतं. पावसाळ्यात आपल्याकडे हे अवघड, मला माहीत आहे. पेपरात रोज कोयना, नवजा, महाबळेश्वरच्या पावसाचे आकडे येतात तेव्हा मी इथे पुण्यात बसून आधी हाच विचार करते, की आज घरी लाइट आहे की नाही. धरण आपल्या तालुक्यात, 1960 मेगावॅटचा प्रकल्प, तरी वादळात फांदी तारेवर पडली की आपलं घर अंधारातच. अशा संध्याकाळी जड गेमच्या नादी लागू नकोस. तेव्हा हलका टूडी गेम, साठ नाही तर तीस फ्रेमवर, आणि ब्राइटनेस कमी. वीज येता-जाता चार्जर लावलेला असेल तर मधे चांगला सर्ज प्रोटेक्टर असू दे. आणि ओएलईडीवर गेमचा एकच नकाशा कोपऱ्यात तासन्‌तास जळत ठेवू नकोस, त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. उठताना स्क्रीन बंद करत जा.

पैसे खर्च करायचेच असतील तर एका ठिकाणी कर. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. रॅमची एकच पट्टी असेल तर रस्ता एकपदरी. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 गिगाबाइट वाहून नेते, दोन पट्ट्या जोडीनं 51.2. अशा ग्राफिक्सला या दुसऱ्या पट्टीचा फायदा गेममध्ये लगेच दिसतो. पण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, दुसरी खाच असेलच असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती खाचा आहेत ते दिसतं, त्याचा फोटो मला पाठव. ते बघितल्याशिवाय काहीही विकत घेऊ नकोस, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

राहिलं त्या मुलांचं हसणं. ते तुझ्या स्क्रीनवर हसतात असं तुला वाटतं. मला वाटतं, मुलगी असून तू त्यांच्यात बसून खेळतेस, हे त्यांना अजून नीट पचलेलं नाही. हे मी पुण्यात नोकरीला लागल्यावरही बघितलं आहे, आणि ते तुझ्या वाट्याला येतं तेव्हा मला त्रास होतो. त्याला उत्तर मशीननं देता येत नाही. हप्त्याचं ओझं गळ्यात घालून तर नाहीच. तू ज्या दिवशी तुझ्या चाळीस फ्रेमवर त्यांना हरवशील त्या दिवशी मला फोन कर, मी ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर येऊन उचलेन.

आणि एक गेम मुद्दाम तुझ्यासाठी ठेवला आहे. 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला, 2020 मध्ये आधी स्विचवर आला, मग संगणकावर. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. राजी नावाची मुलगी, राक्षसांनी उचलून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधायला निघते. जुन्या राजवाड्यांच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, भिंतींवरची चित्रं, सगळं आपल्या मातीतलं. तो स्विचच्या बेताच्या ताकदीवर चालावा असा घडवलेला आहे, म्हणून तुझ्या मशीनवरही नीट बसेल अशी माझी खात्री आहे. मोठ्या बहिणीच्या मनात काय चाललेलं असतं तेही त्यात तुला थोडं दिसेल.

मी तो तुझ्या खात्यावर भेट म्हणून पाठवते आहे. आधी 1440 बाय 900, सावल्या खाली, चाळीसचा लगाम. पहिला राक्षस पडेपर्यंत सेटिंगला हात लावायचा नाही. मग सावल्या एक पायरी वर नेऊन बघ, आणि रविवारी मला सांग किती फ्रेम मिळतायत ते.